वेल्श रेअरबिट

वेल्श रेअरबिट (जुने नाव वेल्श रॅबिट) हा भाजलेल्या पावावर वितळलेल्या चीजचे दाट मिश्रण पसरून केला जाणारा ब्रिटिश पदार्थ आहे. तो ग्रेट ब्रिटनच्या पश्चिमेकडील वेल्स या प्रदेशाच्या नावाने ओळखला जातो. चेडारसारखे मुरलेले चीज, लोणी, थोडा मैदा, मोहरी आणि एल ही ब्रिटिश धाटणीची बीअर हे त्याचे मुख्य घटक होत. जुन्या नावातील ‘रॅबिट’ म्हणजे ससा. पण या पदार्थात सशाचे किंवा इतर कोणत्याही प्राण्याचे मांस नसते. भारतात उपाहारगृहांतून मिळणारा चिली चीज टोस्ट आणि मुंबईतील ‘एग्ज केजरीवाल’ हे पदार्थ रचनेने याच कुळातले आहेत.

नावाविषयी

इंग्रजीत या पदार्थाचा सर्वांत जुना ज्ञात उल्लेख १७२५ सालचा असून तो जॉन बायरम या इंग्रज कवीच्या रोजनिशीत आहे. तेथे शब्द ‘वेल्श रॅबिट’ असाच आहे. त्या काळच्या इंग्रजीत ‘वेल्श’ हे विशेषण हलक्या किंवा नकली वस्तूला चिकटवण्याची खोड होती. उदाहरणार्थ, ‘वेल्श कंगवा’ म्हणजे हाताची बोटे. शेजारच्या, आपल्याहून गरीब लोकांची ही टवाळी होती. वेल्श माणसाला ससाही परवडत नाही, म्हणून तो चीजलाच ससा म्हणतो, असा या नावाचा रोख. अशी थट्टा केवळ वेल्श लोकांच्याच वाट्याला आली असे मात्र नव्हे. एसेक्स परगण्यातील वासराला ‘एसेक्सचा सिंह’ म्हणणारेही लोक होतेच.

‘रेअरबिट’ हे रूप अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात दिसू लागते. फ्रान्सिस ग्रोस याने १७८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या बोलीभाषेच्या कोशात ‘रॅबिट’ म्हणजे मुळात ‘रेअर बिट’, अर्थात दुर्मीळ घास, असा खुलासा केला आहे. खुलासा सोयीचा असला तरी खरा नाही. थट्टा विसरली गेली, नाव विचित्र वाटू लागले, आणि मग त्याला सभ्य अर्थ देण्यासाठी शब्दच थोडा वाकवला गेला. भाषाशास्त्रात याला लोकव्युत्पत्ती म्हणतात. ‘रेअरबिट’ हा शब्द इंग्रजीत या एका पदार्थापुरताच जगतो, हाच त्याच्या कृत्रिमपणाचा पुरावा आहे. इंग्रजी वापराचे प्रसिद्ध भाष्यकार एच. डब्ल्यू. फाउलर यांनी १९२६ च्या आपल्या ग्रंथात जुन्या रूपाची बाजू घेऊन नव्या रूपाची कठोर शब्दांत संभावना केली. तरीही लोकांनी नवे रूपच उचलले. प्रस्तुत लेखाचे शीर्षकही रूढ नावानेच दिले आहे.

मराठी वाचकाला हा प्रकार परका वाटू नये. सफाळ्याच्या पश्चिमेस असलेल्या एडवण-दातिवरे किनाऱ्यापासून सातपाटीपर्यंत बांबूंच्या दांड्यांवर वाळत टाकला जाणारा बोंबील इंग्रजीत ‘बॉम्बे डक’, म्हणजे मुंबईचे बदक, झाला. मुंबईच्या डाकगाडीतून त्याचा वास येई म्हणून ‘डाक’चे ‘डक’ झाले, ही कथा आजही मोठ्या विश्वासाने सांगितली जाते. पण हे नाव मुंबईत रेल्वे सुरू होण्याच्या (१८५३) आधीपासून इंग्रजीत आढळते. पुणे जिल्ह्यातील मासवडीतही मासा नसतो. तेथे मात्र टवाळी नसून केवळ आकाराचे साम्य आहे.

इतिहास

वेल्श भाषेत भाजलेल्या चीजला ‘कौस पोबी’ म्हणतात. वेल्श लोकांना ते फार प्रिय, ही समजूत इंग्लंडमध्ये सोळाव्या शतकातच रूढ झालेली होती. १५२६ मध्ये छापलेल्या ‘शंभर विनोदी गोष्टी’ अशा अर्थाच्या एका इंग्रजी संग्रहात याविषयी एक गोष्ट आहे. स्वर्गात वेल्श लोकांची गर्दी व बडबड फार झाली, तेव्हा देवाने त्यांना बाहेर घालवण्यास सांगितले. संत पीटर स्वर्गाच्या दाराबाहेर गेला आणि ‘कौस पोबी’ असे मोठ्याने ओरडला. ते ऐकताच सगळे वेल्श लोक धावत बाहेर आले. पीटरने आत येऊन दार लावून घेतले. गोष्ट उघडच कुचेष्टेची आहे. पण पदार्थाच्या इतिहासासाठी ती मोलाची ठरते, कारण नाव छापण्यात येण्यापूर्वी दोनशे वर्षे हे खाणे वेल्श लोकांची ओळख बनलेले होते, हे तिच्यावरून कळते.

कृतीचा पहिला महत्त्वाचा लेखी आधार म्हणजे हॅना ग्लास या लेखिकेचे १७४७ सालचे पाकशास्त्राचे पुस्तक. त्यात ‘स्कॉच’, ‘वेल्श’ आणि ‘इंग्लिश’ अशा तिन्ही रॅबिटच्या कृती आहेत. स्कॉच प्रकारात भाजलेल्या पावावर भाजलेले चीज एवढेच असते. वेल्श प्रकारात त्यावर मोहरी चोळतात. इंग्लिश प्रकारात पाव आधी तांबड्या द्राक्षमद्यात भिजवतात. मद्याच्या किमतीवरून कोणाचे ताट कसे असे याचा अंदाज करता येतो. या जुन्या कृतींत आजचा दाट रस नाही. चुलीच्या धगीसमोर धरलेला चीजचा तुकडा एवढाच त्यांचा आवाका. वरून खरपूसपणा आणण्यासाठी विस्तवात तापवलेली लोखंडी पळी किंवा चकती चीजच्या वर धरीत. मराठी घरांतील ‘खाली-वर निखारे’ ठेवून भाजण्याच्या रीतीची येथे आठवण होते. लोणी, मैदा व एल घालून शिजवलेला रस नंतरचा आहे.

एकोणिसाव्या शतकातील ब्रिटिश मेजवानीत गोड पदार्थानंतर शेवटी एखादा तिखट-खारट पदार्थ वाढत. रेअरबिट गरिबाच्या चुलीवरून या पंक्तीत जाऊन बसला, आणि तेथून साम्राज्यातील क्लब व जिमखान्यांत पोहोचला. रात्री उशिरा चीज खाल्ल्याने वाईट स्वप्ने पडतात हा समज याच पंक्तीतला. अमेरिकन व्यंगचित्रकार विन्सर मॅके यांची १९०४ मध्ये सुरू झालेली एक चित्रमालिका संपूर्णपणे या कल्पनेवर उभी आहे. तिच्यातील प्रत्येक पात्र रेअरबिट खाऊन झोपते आणि भयंकर स्वप्न पाहून जागे होते.

मुंबईतील रूप

रेअरबिटवर पाण्यात शिजवलेले अंडे ठेवले की त्याला ‘बक रेअरबिट’ म्हणतात. याच घडणीचा एक पदार्थ मुंबईत प्रसिद्ध आहे. ताडदेव-हाजीअली भागातील विलिंग्डन स्पोर्ट्स क्लब १९१८ मध्ये गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या पुढाकाराने स्थापन झाला. युरोपीय लोकांपुरते मर्यादित असलेले क्लब त्या काळी शहरात असताना येथे भारतीयांनाही सभासदत्व खुले होते. या क्लबाचे एक सभासद देवीप्रसाद केजरीवाल यांच्या नावावरून ‘एग्ज केजरीवाल’ हा पदार्थ ओळखला जातो. घरी अंडी वर्ज्य असल्यामुळे ते क्लबात येऊन टोस्ट, चीज, हिरवी मिरची आणि अंडे अशी फर्माईश करीत, आणि हळूहळू इतर सभासदही ‘केजरीवालांसारखे’ मागू लागले, अशी हकीकत सांगतात. ही गोष्ट साधारणपणे १९६० च्या दशकातली मानली जाते.

वेल्श सशाच्या नावात नसलेले मांस आहे, तर केजरीवालांच्या टोस्टवर घरी न चालणारे अंडे. एकाच्या मागे न परवडणे आहे, दुसऱ्याच्या मागे न चालणे. पदार्थ मात्र जवळजवळ एकच. पुढे मुंबईत जन्मलेले पाककार फ्लॉइड कार्डोझ यांनी न्यूयॉर्कमधील आपल्या उपाहारगृहात एग्ज केजरीवाल वाढले, आणि लंडनमधील ‘डिशूम’ या इराणी हॉटेलांच्या धर्तीवरील उपाहारगृहांतही ‘केजरीवाल’ मिळते. चीज-टोस्टचा ब्रिटनहून निघालेला प्रवास अशा रीतीने हिरव्या मिरचीसह ब्रिटनला परतला.

अंडे नसलेला चिली चीज टोस्ट क्लब, सैनिकी मेस आणि शहरी उपाहारगृहांतून घरोघरी आला. त्यात रस शिजवीत नाहीत. किसलेले चीज, बारीक चिरलेली मिरची, कधी कांदा व ढोबळी मिरची पावावर पसरून सरळ भाजतात.

चीज का वितळते आणि का फुटते

रेअरबिट बिघडतो तो बहुधा एकाच प्रकारे. रस फुटतो, वर तेलाचा तवंग येतो आणि खाली रबरासारखा गोळा उरतो. याचे कारण समजून घेतले तर कृती पाठ करावी लागत नाही.

चीजमध्ये केसीन या प्रथिनाचे जाळे असते आणि कॅल्शियम ते सांधून धरते. या जाळ्यात स्निग्धांश व पाणी अडकलेले असते. मंद आचेवर स्निग्धांश आधी मऊ होतो, मग जाळे सैल पडते, आणि चीज वाहू लागते. आच वाढली, किंवा ते फार वेळ उकळले, तर जाळे आकसते आणि आतले पाणी व स्निग्धांश पिळून बाहेर टाकते. हेच फुटणे होय. फार जुने, कोरडे चीज चवीला उत्तम असले तरी त्यात पाणी कमी असल्याने ते लवकर फुटते. यावर मैद्याचा उपाय आहे. त्यातील पिष्ट फुगून प्रथिनांच्या व स्निग्धांशाच्या कणांमध्ये उभे राहते आणि त्यांना वेगळे होऊ देत नाही. ताकाच्या कढीला बेसन लावतात ते याच कारणाने. कढी न फुटू देता उतरवणाऱ्या हाताला रेअरबिट अवघड नाही.

पनीर येथे चालत नाही, आणि हा प्रश्न नेहमी विचारला जातो. पनीर गरम दुधात लिंबू किंवा तत्सम आंबट घालून करतात. आम्लामुळे कॅल्शियम निघून जाते आणि उष्णतेने दुधातील इतर प्रथिनेही केसीनला चिकटतात. असे जाळे तापवले तरी सैल होत नाही. म्हणून पनीर तळता येते, पण वितळवता येत नाही. चेडार व तत्सम चीज रेनेट नावाच्या पाचक द्रव्याने दूध गोठवून करतात. भारतात ही रीत पूर्वी विरळाच होती. सुरत-मुंबई किनाऱ्यावरील पारशी समाजाचे टोपली पनीर हा तिचा ठळक अपवाद होय.

बाजारात डब्यात किंवा चौकोनी वड्यांत मिळणारे प्रक्रिया केलेले चीज हे चेडारसारखे चीज वितळवून, त्यात सायट्रेट अथवा फॉस्फेट क्षार मिसळून पुन्हा घट्ट केलेले असते. हे क्षार कॅल्शियम बांधून ठेवतात, त्यामुळे असे चीज सहसा फुटत नाही. नवशिक्यासाठी ही मोठी सोय आहे. चवीचा तोटा मात्र मान्य केला पाहिजे. ते सौम्य असते, आणि खारटही.

घरी करण्याची रीत

पुढील प्रमाण चार टोस्टसाठी आहे. सफाळे हे पश्चिम रेल्वेवर वैतरणा व केळवे रोड या स्थानकांमधले गाव. अशा लहान बाजारपेठेत चेडार किंवा एल सहज हाती लागेलच असे नाही. म्हणून मूळ घटकांबरोबर पर्यायही दिले आहेत.

लोणी १५ ग्रॅम, मैदा १ मोठा चमचा, एल १०० मिलिलिटर आणि किसलेले चेडार २०० ग्रॅम हे मूळ प्रमाण. चेडार नसेल तर प्रक्रिया केलेले चीज तितकेच, म्हणजे २५ ग्रॅमच्या ८ वड्या, घ्यावे. पण द्रव ७५ मिलिलिटरपर्यंत कमी करावा आणि मीठ मुळीच घालू नये. लोणीही बिनमिठाचे असावे. घरचे ताकातून काढलेले लोणी येथे उत्तम.

एलचे काम दुहेरी आहे. ते मिश्रण सैल करते आणि किंचित आंबट-कडवट चव देते. थोड्या वेळच्या शिजवण्याने त्यातील मद्यार्क पूर्णपणे उडून जात नाही, हे मद्य वर्ज्य असणाऱ्यांनी लक्षात घ्यावे. त्यांच्यासाठी दूध हा सरळ पर्याय. निम्मे दूध व निम्मे ताजे, फार आंबट नसलेले ताक घेतल्यास एलच्या आंबटपणाची जागा बऱ्यापैकी भरून निघते. कडवटपणा मात्र येत नाही.

मोहरीसाठी विलायती पूड शोधत बसण्याचे कारण नाही. अर्धा लहान चमचा मोहरी बारीक वाटून थोड्या गार पाण्यात फेसावी आणि दहा मिनिटे ठेवावी. मोहरीचा झणका दाण्यात तयार नसतो. दाणा भरडून गार पाण्याशी संबंध आल्यावर तो निर्माण होतो. उकळत्या पाण्यात घातल्यास तो येतच नाही. लोणच्यासाठी किंवा रायत्यासाठी मोहरी फेसणाऱ्या घरांत हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या आहे.

जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर लोणी पातळ करून मैदा दीड-दोन मिनिटे परतावा. कच्चा वास जावा, पण रंग बदलू नये. मग एल किंवा दूध थोडे थोडे घालून गुठळी न होऊ देता घोटावे. मिश्रण दाट झाले की आच अगदी कमी करावी, किंवा पातेले उतरवूनच घ्यावे, आणि चीज मूठ मूठ घालत ढवळावे. आधीची मूठ वितळल्यावरच पुढची घालावी. चीज घातल्यानंतर मिश्रण एकदाही उकळता कामा नये. शेवटी फेसलेली मोहरी, मिरपूड आणि वुस्टरशर सॉस एक लहान चमचा घालावा. मिश्रण पिठल्याइतके दाट हवे. पळीवरून धारेसारखे वाहू लागले तर ते पावावर थांबणार नाही.

पावाची निवड दुय्यम मानली जाते, ते बरोबर नाही. लादीपाव फार मऊ व हवेशीर. तो रस पिऊन बसतो. जाड कापलेला, आदल्या दिवशीचा साधा ब्रेड किंवा बेकरीतील कडक पाव घ्यावा आणि दोन्ही बाजूंनी नीट भाजावा. पावसाळ्यात किनारपट्टीच्या दमट हवेत ब्रेडला लवकर बुरशी येते. शिळा चालतो याचा अर्थ बुरशी आलेला चालतो असा नव्हे. वरचा भाग कापून उरलेला वापरणेही टाळावे.

मिश्रण टोस्टच्या कडांपर्यंत पसरावे. उघडी राहिलेली कड जळते. ग्रिल असलेल्या ओव्हनमध्ये वरच्या आचेखाली दोन-तीन मिनिटांत पृष्ठभागावर तपकिरी ठिपके येतात. ओव्हन नसेल तर टोस्ट तव्यावर ठेवून झाकण घालावे. मिश्रण गरम होईल, पण वर रंग येणार नाही. रंगासाठी लोखंडी उलथणे गॅसच्या ज्योतीवर चांगले तापवून मिश्रणाच्या अगदी जवळ, न टेकवता, धरावे. हॅना ग्लासच्या काळची तापवलेली पळी हेच काम करीत असे. उलथण्याचा दांडा लाकडी असावा किंवा फडक्याने धरावा, आणि मुलांनी हा भाग मोठ्यांवर सोपवावा.

शाकाहारी वाचकांसाठी

मांस नाही म्हणून रेअरबिट शाकाहारी, असे सरसकट म्हणता येत नाही. पारंपरिक रेनेट वासराच्या जठरातून मिळवतात आणि काही आयात चीजमध्ये आजही ते असते. भारतीय कंपन्यांच्या चीजमध्ये सहसा सूक्ष्मजीवांपासून मिळवलेले रेनेट वापरतात व तसा उल्लेख वेष्टनावर असतो. दुसरी अडचण वुस्टरशर सॉसची. इंग्लंडमधील वुस्टर गावच्या ली अँड पेरिन्स यांनी १८३७ मध्ये विक्रीस आणलेल्या या सॉसमध्ये अँकोव्ही नावाचे छोटे मासे मुरवलेले असतात. मासे नसलेले सॉसही मिळतात; वेष्टनावरील हिरवा ठिपका पाहून घ्यावे.

सॉस मिळाला नाही तरी अडत नाही. मूळ सॉसमध्ये व्हिनेगर, काकवी, कांदा, लसूण यांच्यासोबत चिंचही असते. तेव्हा चिंचेचा दाट कोळ एक लहान चमचा, त्यात बोरएवढा गूळ, ठेचलेली अर्धी लसूणपाकळी आणि चिमटीभर लवंगपूड एवढ्याने काम भागते.

रक्तदाब असलेल्यांनी व मीठ कमी सांगितलेल्यांनी हा पदार्थ क्वचित खावा, कारण चीज आणि पाव या दोहोंतही मीठ असते. चेडारच्या वजनाचा साधारण तिसरा हिस्सा स्निग्धांश आणि चौथा हिस्सा प्रथिने असतात. दोन टोस्ट आणि कांदा-टोमॅटोची कोशिंबीर हे एका वेळचे पुरेसे खाणे आहे.

अन्य रूपे

उत्तर फ्रान्समध्ये, विशेषतः लील शहराच्या परिसरात, हा पदार्थ नुसत्या ‘वेल्श’ या नावाने रुजला आहे. तेथे खोलगट भांड्यात पाव व हॅम ठेवून त्यावर बीअरमध्ये वितळवलेले चेडार ओततात, आणि सोबत बटाट्याचे तळलेले काप देतात. अमेरिकेत चीजच्या रसात टोमॅटोचे सूप घातलेल्या प्रकाराला ‘ब्लशिंग बनी’, म्हणजे लाजरा ससा, असे नाव पडले. मूळची थट्टा विसरली गेली तरी ससा नावातून गेला नाही.

उरलेले मिश्रण झाकून शीतकपाटात तीन दिवस टिकते. गार झाल्यावर ते वडीसारखे घट्ट होते. मग पुन्हा पातेल्यात तापवू नये, कारण दुसऱ्यांदा शिजवताना ते फुटण्याचा संभव अधिक असतो. सुरीने काप काढून ताज्या टोस्टवर ठेवावेत आणि वरून शेकावेत.